हिरीच्या बाई

गॅदरिंगच्या दिवशी बाकीचे शिक्षक वही घेऊन पडद्याआड उभे राहत. पोर अडखळलं की आतून वाक्य सांगत. आमच्या चौथीच्या बाई मात्र पालकांच्या शेवटच्या रांगेत येऊन बसत. म्हणत, "आतून सांगणारं कुणी असलं, की पोर आतच बघतं."

बाई मूळच्या मिरजेच्या. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत सहा वर्षं होत्या. त्यांच्या नाटकात झाड, दगड अशी मुकी कामं नसत. वर्गात तेवीस मुलं, तर तेवीस वाक्यं. मी मोजून पाहिली आहेत.

माझी सायली तेव्हा त्यांच्या वर्गात होती. घरी बडबडी, पण शाळेत तीन वर्षं तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर. मी बाईंना गाठून म्हणालो, "तिला नाचात घ्या. बोलताना लोक हसले, तर ती पुन्हा शाळेत पाऊल टाकायची नाही."

बाई म्हणाल्या, "भाऊ, सांगण्यासारखं काही मिळालं, की बोलेल ती."

त्या वर्षी वर्गाचा प्रकल्प होता गावातल्या विहिरींचं पाणी मोजण्याचा. दर शनिवारी शाळा सुटली की बाई पुढे, दोरी-दगड घेऊन पोरं मागे. एकेकाने कठड्याशी यायचं, बाईंनी कमरेला धरायचं, त्याने तळाला दगड टेकवायचा. भिजलेली दोरी टेपने मोजून आकडा त्यानेच लिहायचा. "अंदाज मोठ्यांनी करावा," बाई म्हणत, "आपण मोजायचं." सायलीने एक विहीर तीनदा मोजली, कारण पहिल्या दोन मापांत इंचाचा फरक आला. गावाने त्यांचं नाव 'हिरीच्या बाई' पाडलं ते तेव्हा.

गॅदरिंगला त्याचंच नाटक झालं. प्रत्येक मूल एक विहीर. सायली आमच्या भावकीतल्या आप्पांची विहीर होती. तिची पाळी सतरावी. ती पुढे आली आणि गप्प झाली. मी मनात मोजत चौदापर्यंत आलो. वाक्य मला पाठ होतं. सांगायला उठणार, तोच शेजारी बसलेल्या बाईंनी माझं मनगट धरलं.

"बसा भाऊ. वाक्य तिचं आहे."

"मी आप्पांची विहीर," सायली बारीक आवाजात म्हणाली. "माझ्यात पाणी अकरा फूट."

लोक टाळ्या वाजवणार, तर खुद्द आप्पाच उठले. "कोण म्हणतंय? माझ्या हिरीला पंधरा फूट पानी हाय!"

सगळा मंडप हसला. मला धास्ती होती ती याचीच. सायलीने आमच्याकडे पाहिलंही नाही. नाटकाच्या वहीत कुठेच नसलेलं वाक्य तिने खणखणीत आवाजात टाकलं, "आप्पा, दोरी मी धरली होती. तीनदा मोजलंय. अकराच हाय!"

"आवं आप्पा, हीरच सांगतीया, तुमी कशाला भांडताय?" कुणीतरी ओरडलं.

आप्पा हसत खाली बसले. "बरं बया, अकरा तर अकरा."

काही बोलावं म्हणून मी बाईंकडे वळलो, तर त्या मंचाकडेच बघत होत्या. सहा मुलं अजून बोलायची होती.

जूनमध्ये बाईंची बदली मेढ्याच्या वर, डोंगरातल्या एका शाळेत झाली. सायली आता सातवीत आहे. परवा तिने स्वतःच बाईंना फोन लावला. मी शेजारी पेपर वाचत होतो.

"बाई, यंदा तुमच्या वर्गात न बोलणारं कोण आहे?" तिने आधी तेच विचारलं. मग बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाली, "उद्या तिच्या हातात फोन द्या. ती बोलली नाही तरी चालेल. मी थांबेन."