पहिला तांब्या मी ओतला

"ओत," रेक्टरबाई म्हणाल्या आणि मी कमलच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. अंगावरच्या परकर-पोलक्यासकट. शेवगावच्या आमच्या वसतिगृहाचं अंगण, भोवती तीस मुली. दुष्काळ होता, दिवसाला एकीला एकच बादली मिळायची. त्या दिवशी मात्र पाण्याला तोटा नव्हता.

"तुमच्या लोकांना स्वच्छतेची सवयच नसते," बाई म्हणाल्या. काही मुली हसल्या. त्याही आमच्यातल्याच. मीही हसल्यासारखं तोंड केलं. त्याची लाज अजून जात नाही.

कमल आणि मी एकाच वस्तीतल्या, नववीत. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवाळीनंतर ती गप्प गप्प होत गेली. जेवेना, केस विंचरेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पंधरा दिवस अंघोळ नाही. मी एकदाच विचारलं. म्हणाली, "मला उठूच वाटंना गं. आतून समदं बंद झाल्यावानी हाय." मला काही उमगलं नाही. नाटकं करू नको म्हणाले.

बाईंना तर विचारायची गरजच वाटली नाही. आमची जात ठाऊक होती, तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. त्यांची पुतणी अशीच गप्प झाली तेव्हा तिला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं.

कमल रडली नाही, हलली नाही. डोळ्यांत पाणी गेलं तरी तिनं ते पुसलं नाही. ही घाणेरडी नाही, ही आजारी आहे. तेव्हा कळलं. फार उशिरा.

"अजून ओत."

"न्हाई ओतनार."

बाईंनी माझ्या थोबाडीत मारली आणि उरलेली बादली स्वतः तिच्यावर रिकामी केली. मी नुसती बघत राहिले. काय करणार होते?

तिसऱ्या दिवशी कमलचे वडील तिला न्यायला आले. हात त्यांनीच जोडले. "पोरीचं चुकलं, बाई." कमल माझ्याकडे न बघता निघून गेली. तिला काय झालंय ते मलाही त्यांना सांगता आलं नाही. त्याला काय म्हणतात हेच ठाऊक नव्हतं.

मग बाईंनी मला माफीनामा लिहायला बसवलं. नाही लिहिला तर वसतिगृह बंद, म्हणजे शाळाही बंद.

मी लिहिलं, 'कमल आजारी आहे. माफी मागायची तर तिची, आणि आपण दोघींनी. मी उद्या तिच्या घरी जाऊन मागणार आहे. तुम्ही कधी जाणार ते कळवावे.'

खाली सही केली आणि ट्रंक भरायला घेतली.