वास्तूला इंग्रजी कुठं येतं?

"मे बी, ताई. मे बी नॉट ऑल्सो."

शेजारचे काका असं म्हणाले की समजायचं, कुठेतरी काहीतरी बिनसणार अशी शंका त्यांच्या पोटात शिरली आहे. आवाज एकदम खाली, भुवया एकदम वर.

शंकेखोर काका तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. पण शेलूच्या आमच्या काकांची तऱ्हाच निराळी. मूळचे कशेळ्याकडचे, बसचे रिटायर्ड कंडक्टर. घरात वाईट बोललं की वास्तू 'तथास्तु' म्हणते आणि ते खरं होतं, हे आपण सगळेच लहानपणी ऐकतो आणि विसरतो. काका विसरले नव्हते. पण मनात आलेली शंका बोलल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. मग त्यांनी तोड काढली. चांगलं असेल ते मराठीत, ठणकावून. वाईट असेल ते इंग्रजीत.

"वास्तूला इंग्रजी कुठं येतं, ताई?"

काकूंनाही येत नव्हतं, म्हणून ऐकायला मी. मी पडले बँकेतली. पण माझ्या घरात ते पाऊल टाकायचे नाहीत. माझ्याबरोबर राहून माझी वास्तू इंग्रजी शिकली असेल तर? म्हणून सगळी बोलणी जिन्यात. "जिना कुनाच्याच वास्तूत येत नाय," हा त्यांचा शोध.

काकूंनी गच्चीवर पापड घातले की हे जिन्यात हजर. "क्लाऊड मे कम. क्रो मे कम. मंकी ऑल्सो." आणि घरात शिरताना, "काय ऊन पडलंय गं! झकास!"

एकदा लिफ्टमध्ये मी, काका आणि माझ्या सासूबाई. लिफ्टला हिसका बसला. काका माझ्या कानाशी पुटपुटले, "मे स्टॉप. मे फॉल ऑल्सो." सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतायत गं हे?" काका हसून म्हणाले, "काय नाय आजी, लिफ्ट एक नंबर हाय." सासूबाई निर्धास्त, आणि मी मात्र पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले!

मग काकूंना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं.

काका जिन्यात आले. "ताई, ऑपरेशन मे... शी मे..." पुढे वाक्यच होईना.

"काका, मराठीत बोला की."

"नको नको. आत ऐकू जातं."

हॉस्पिटलला निघायच्या दिवशी आम्ही सगळे जिन्यात गोळा झालो. काकू उंबऱ्यात थांबल्या आणि काकांना म्हणाल्या, "अवो, एकदा मराठीत म्हना ना, बरी हून येनार."

काकांचे ओठ हलले. खात्री नसताना मराठीत बोलायचं म्हणजे वास्तूशी खोटं बोलायचं, आणि ते त्यांना जमेना. शेवटी कसंबसं तोंडातून निघालं, "मे बी..."

काकू भडकल्या. "चुलीत घाला ते मे बी! तुमी घाबरलात का इंग्रजी सुरू व्हतं, येवढं कळतंय मला!"

मला राहवेना. मी सरळ त्यांच्या घरात शिरले आणि ओरडले, "काकू ठणठणीत होऊन येणार!" मागून सासूबाई ओरडल्या, "येणार!" वरच्या मजल्यावरून कोणीतरी, काय चाललंय ते न कळताच, "येणार!" म्हणून आरोळी ठोकली. सगळ्यात शेवटी काका, रडत रडत, "येनार!"

आल्या हो. ठणठणीत होऊन आल्या, आणि आल्या आल्या पापड कोणी खाल्ले म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं.

पण आता दोघांनीच राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा-सून खोपोलीला. मागच्या महिन्यात टेंपो आला. सामान चढलं, काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. काका कुलूप लावून किल्ली माझ्या हातात देत होते, तेव्हा मी विचारलं, "काका, राहायला परत याल ना इथे?"

मला वाटलं, आता ठणकावतील.

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि अगदी हळू म्हणाले, "वुई मे कम, ताई."

काकांच्या तोंडून चांगली गोष्ट इंग्रजीत ऐकायची माझी ती पहिलीच वेळ. मला रडूच फुटलं.