कुसुंबी रंगाची बायडाबाई

पेशवाईच्या काळात, कसब्यात नदीच्या अंगाला बायडाबाई रंगारणीचं घर होतं. नवरा गेल्यावर रंगाचे रांजण तिनंच सांभाळले. करडईच्या पाकळ्या पापडखाराच्या पाण्यात भिजवायच्या आणि गाळलेल्या पाण्यात लिंबाचा रस पळी-पळीनं सोडायचा. रंग फिरून लाल झाला, की हात आखडायचा. रस कमी पडला तर कापड फिकं, जास्त झाला तर रंग तळाशी बसून वाया. तीस वर्षांत तिचा हात चुकला नव्हता.

मग सर्जेराव शिलेदारानं लेकाच्या लग्नासाठी बारा पागोटी रंगवायला टाकली. बायडाबाईनं दोन रांजणांत सहा-सहा रंगवली. न्यायला आलेल्या सर्जेरावानं दोरीकडे पाहिलं. सहा लालभडक, सहा फिकी.

"बायडाबाई, वऱ्हाडं दोन निघणार आहेत का आमची?"

तिनं पागोटी डोळ्यांशी नेली. तिला सगळी सारखीच दिसत होती. चार दिवसांची मुदत मागून तिनं त्याला वाटेला लावलं.

सून शकू हे सगळं पाहत होती. आता जवळ येऊन म्हणाली, "आत्याबाई, कधीपासून दिसत नाही?"

"होळीपासून," बायडाबाई खाली बघत म्हणाली. "धंदा बसेल म्हणून बोलले नाही."

शकूनं तिच्या हाती लहानशी पळी दिली. "तुम्ही रस सोडा, रंग मी बघते."

त्यांनी आधी पाकळ्यांचं गाळलेलं पाणी वाटीभरच पातेल्यात घेतलं. बायडाबाई पळ्या मोजत होती, शकू पाण्यावर नजर लावून बसली होती. नववी पळी पडली आणि ती ओरडली, "थांबा!"

वाटीला नऊ पळ्या. मग रांजणात किती वाट्या मावतात ते मोजलं, आणि त्या हिशेबानं रस काढला. फिकी पागोटी खाराच्या पाण्यात बुडवून त्यांचा जुना रंग उतरवला आणि नव्यानं रंगवली. चौथ्या दिवशी सर्जेरावानं बाराही पागोटी उलटसुलट करून पाहिली आणि गाठोडं बांधलं.

लिंबं दर खेपेला सारखी आंबट नसत, म्हणून वाटीची परीक्षा रोज होऊ लागली. दोन वर्षांत बायडाबाईची नजर पुरती गेली. गिऱ्हाइकं शकूचं नाव विचारत येऊ लागली. कुणी मुद्दाम खोचकपणे म्हणालं, की रंग आता सुनेचा झाला, तर बायडाबाई शांतपणे सांगे, "झाला ना. लिंबं मात्र अजून मीच पिळते."