दाजीची उष्टी हळद

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, पण आमच्या घरी आलात तर हा विषय काढू नका. मी एक सोयरीक जमवायला गेलो आणि चांगला चालता संसार मोडून बसलो. तोही कुणाचा, तर आमच्या राजहंसांचा.

राजहंस म्हणजे ती पांढरी, लांब मानेची, बदकाहून थोराड पाखरं. नाव राजाचं, पण आवाज असा की फुटका भोंगा बरा. आमची वस्ती अवसरीच्या रस्त्याला, तिन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. दुसरीकडं लोक भेटले की पावसापाण्याचं विचारतात, आमच्याकडं बिबट्या कुठं दिसला ते विचारतात. राजहंसाला जरा चाहूल लागली की तो सगळी वस्ती गोळा करतो, म्हणून पाळायचे.

आमच्याकडं एक जोडी होती. नराचं नाव दाजी, कारण त्याचं चालणं हुबेहूब माझ्या बहिणीच्या नवऱ्यासारखं. छाती पुढं काढून, कुणीतरी मानपान करील या आशेनं. मादीचं नाव गंगी. गंगी म्हणजे बायकोचा जीव. धाकटी मुलगी सासरी गेली त्या साली बायकोनं तिला मुठीएवढी असताना आणली, चुलीजवळ खोक्यात ठेवली, पदराखाली घेऊन वाढवली. दाजी आणि गंगी एकमेकांच्या पाठीवर मान टाकून झोपायचे. माणसांत असं प्रेम मी पाहिलेलं नाही, आमच्या घरात तर शोधूच नका.

मग शेजारच्या बाबूमामांचं कुत्रं बिबट्यानं नेलं. मला वाटलं, दोघं ओरडतात तर चौघं ओरडले म्हणजे बिबट्या तालुकाच सोडून जाईल. गेलो जुन्नरच्या बाजारात आणि दोन तरण्या माद्या घेऊन आलो. मोटरसायकलला गोणी बांधलेली, गोणीतून दोन माना बाहेर. रस्ताभर त्या माझ्या बरगड्यांना टोचे मारत होत्या. ती सूचना होती, पण मला कुठली कळायला.

बायको म्हणाली, "अवं, लगीच एकत्र सोडू नका. मधी जाळी मारा. आठ-पंधरा दिस बघू द्या एकमेकांला, मंग सोडा."

आता जाळी आणा, खुंट्या ठोका, कोण करणार?

"दोन पोरींची लग्नं लावलीत म्या," मी म्हणालो. "मला शिकिवती व्हय?"

आणि तिथंच डोक्यात वीज चमकली. आपल्याकडं लग्नात काय करतात? नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावतात. का लावतात? अंगाचा वास एक झाला की मनं एक होतात, हे माझं मत. कुणी विचारलेलं नव्हतं. वाटीभर हळद तेलात कालवली, दाजीला काखेत धरला आणि मानेपासून शेपटीपर्यंत माखला. उरलेली त्या दोघींना. दाजीनं माझा अंगठा फोडला, तरी मी मागं हटलो नाही.

गंगीला मात्र लावली नाही. ती घरचीच. घरच्या माणसाशी कोण ओळख करून देतं?

सोडलं तिघांना. काय सांगू, दोघी दाजीच्या मागं नव्या नवरीसारख्या चालू लागल्या. मी बायकोकडं बघून मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात गंगी शेततळ्यावरून आली. तिनं दाजीला पाहिलं आणि जागीच थांबली. तो नेहमीसारखा घशातल्या घशात बोलत पुढं गेला. ही मागं सरली. तो आणखी जवळ गेला, तर फुसकारून पळाली. पुन्हा गेला तेव्हा चावली. दाजी बराच वेळ तसाच उभा राहिला. मग वळला आणि त्या दोन पिवळ्या पोरींमध्ये जाऊन बसला.

बाबूमामा बांधावरून म्हणाले, "भाऊ, दाजीला कावीळ झाली का काय?"

हसू तिथंच संपलं. दिवस मावळला, तिघं खुराड्यात गेली, गंगी जाईना. बायको भाकरी घेऊन पुढं झाली, तशी गंगीनं खुराड्याच्या दारात दाजीचं पिवळं तोंड पाहिलं आणि थेट उसात शिरली.

"गंगे, ये गं माझे बाई," बायको बांधावरून हाका मारत होती.

"वहिनी, आत जाऊ नका," बाबूमामा काठी घेऊन धावत आले. "सकाळीच ठसं बघितल्यात म्या."

ती गेलीच. तिच्या मागं मी. बिबट्यापेक्षा मला बायकोचीच जास्त भीती वाटत होती. गंगी सरीत मान अंगात घालून बसलेली सापडली. बायकोनं तिला पदरात घेतलं. उसाच्या पानांनी तिचे हात कापले होते. घराच्या दारात ती एवढंच म्हणाली, "पोरींला द्यायच्या आधी दोनदा जाऊन घर बघून आलावता. हिच्या वक्ताला लई घाई झाली?"

फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दाजीला साबणानं धुतला. हळद निघाली नाही, पिसांचं अंगचं तेल मात्र निघालं आणि तो भिजल्या उशीसारखा कुडकुडत बसला. शेवटी मुकाट्यानं जाळी मारली, खुंट्या ठोकल्या. बायको रोज संध्याकाळी गंगीला घेऊन जाळीजवळ बसायची, इकडून एक घास, तिकडून एक घास. हळूहळू गंगी खुराड्यात जायला लागली. पुढं दाजीची पिसं झडली, नवी आली, तो पहिल्यासारखा पांढराशुभ्र झाला.

पण गंगी अजून कोपऱ्यात, त्याच्याकडं पाठ करून झोपते. तो घशातल्या घशात बोलतो, थोडं थांबतो आणि मान आपल्याच पाठीवर टाकतो. मला ते बघवत नाही. माझ्या एका वाटीनं झालं ते सगळं.

बरं, ज्याच्यासाठी हा उद्योग केला त्याचं काय झालं म्हणाल? मागच्या आठवड्यात बिबट्या खुराड्याच्या कडेनं गेला. ओल्या मातीत ठसे उमटले होते. चौघांपैकी एकानंही चोच उघडली नाही. माझी गाडी वळणावर आली की मात्र गंगी असा काही कालवा करते की पहिल्यांदा सगळी वस्ती काठ्या घेऊन बाहेर आली होती.

हल्ली कुणी बाहेरही येत नाही. बाबूमामा घरातूनच हाळी देतात, "बसा रं निवांत. बिबट्या न्हाई, भाऊ आल्यात."