चुन्याचे चौकोन

गणपत मास्तर गेल्याची बातमी मला तीन आठवडे उशिरा कळली, आणि कळली तीही माधवनगरला गिरणीच्या फाटकाशी, हातात पत्रकांचा गठ्ठा असताना. आमच्या गावचा एक जण तिथं साचेखात्यात आहे. पाळी सुटल्यावर तो बाहेर आला, पत्रक घेतलं, घडी करून टोपीत खोचलं आणि म्हणाला, "तुला कळलंच आसंल म्हणा... मास्तर गेलं. पाटणाकडं. हिवतापानं." मी विचारलं, "कोण मास्तर?" आमच्या गावात मास्तर म्हटलं की एकच, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. तरी विचारलं. उरलेली पत्रकं त्या दिवशी मी वाटली नाहीत. तेव्हापासून हा मजकूर लिहायला बसतो आणि उठतो, बसतो आणि उठतो. कारण या माणसावर मी पूर्वी एकदा लिहिलं आहे, आणि त्या लिहिण्यानंच त्याला गावाबाहेर काढलं.

मेलेल्या माणसाला देव करायची चाल मला जमत नाही, म्हणून आधीच सांगतो, मास्तर मारायचे. हिशेब चुकला की कानशिलाखाली अशी देत की एका फळ्याचे दोन दिसत. तासगावच्या पूर्वेला, जिथं पाऊस वाट चुकून येतो तिथला हा धनगराचा मुलगा. बापाची मेंढरं राखता राखता फायनलपर्यंत शिकला आणि बोर्डाच्या शाळेत मास्तर झाला. पण हातातली चाती काही सुटली नाही. आम्ही पाढे म्हणायचो आणि मास्तर वर्गात येरझाऱ्या घालत लोकर कातायचे. सूत तुटलं की पाढा थांबायचा, जोडलं की पुन्हा सुरू. डिपोटीसाहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, हे काय वर्गात?" मास्तर म्हणाले, "साहेब, हात रिकामा राहिला की पोराच्या गालावर जातोय." साहेब हसले आणि शेरा चांगला देऊन गेले.

आमच्या शाळेत महारवाड्यातली पोरं पडवीत बसत. सरकारचा हुकूम कधीचाच होता की सगळ्यांना एकत्र बसवा. तो कपाटात सुखरूप होता. पडवीतून फळा अर्धा दिसे. पावसाची झड आली की ती पोरं भिजत, आणि आम्ही आत बसून त्यांच्याकडं बघत असू. मीही बघत असे. मास्तरांनी दोनदा त्यांना आत घेऊन पाहिलं, दोन्ही वेळा पाटलांनी शाळा ओस पाडली. तिसऱ्यांदा त्यांनी काही केलं नाही, नुसते कातत राहिले. मी मोठा झालो, सांगलीला शिकायला गेलो, सभांतून बोलायला लागलो, आणि मला वाटायला लागलं की मास्तर भित्रे आहेत.

मग एका थंडीत गावात उंदीर पडायला लागले. तिसऱ्या दिवशी प्लेगची पहिली गाठ आली आणि आठवड्याच्या आत गाव उठून माळावर खोपी टाकून बसलं. शाळेला कुलूप. महिन्याभरानं, टोचणी झाल्यावर, मास्तरांनी माळावरच्या लिंबाखाली पोरं गोळा केली. हातानं कातलेल्या लोकरीची एक दोरी त्यांनी वळली होती, तिला दोन-दोन हातांवर गाठी मारलेल्या. ती जमिनीवर ताणायची आणि गाठीगाठीवर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखायचा. एका चौकोनात एक पोर. दोन चौकोनांत दोन हात जागा. "साथ हाय," ते म्हणाले, "कुणी कुणाला शिवायचं न्हाई. पाणी ज्यानं त्यानं घरनं आणायचं." पाण्याचा डेराच त्यांनी काढून टाकला. आणि चौकोन वाटले उंचीप्रमाणं, बुटकी पुढं, उंच मागं. महारवाड्याच्या खोपी पलीकडच्या ओढ्याला होत्या. तिथली सात पोरंही चौकोनांत येऊन बसली. त्यांतली रामाची पारू बुटकी, म्हणून दुसऱ्या रांगेत, पाटलांच्या नातवाच्या शेजारी. कुणीच कुणाला शिवत नव्हतं, तर तक्रार कसली करणार? लोक आपापल्या मढ्यांच्या विवंचनेत होते. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

माझ्या मात्र आलं. मी तेव्हा सांगली सोडून गावी आलो होतो. शिमगा जवळ आला, उंदीर पडायचे थांबले आणि बोर्डाचा कागद आला की शाळा साफ करून पोरं परत घ्या. त्या पंधरा दिवसांत मी मास्तरांबरोबर राबलो. आम्ही शाळेची कौलं उतरवली आणि जमिनीला आठ दिवस ऊन दिलं. बिळांत काचा आणि चुना ठेचला. भिंतींना चुन्याचे दोन हात दिले, लिंबाच्या पाल्याची धुरी केली. गावभर तेच चाललं होतं, छपरं उघडी टाकलेली, घराघरांत आभाळ. मास्तर उतरवलेल्या कौलांच्या ढिगावर बसून म्हणाले, "शंकर, माळावर बसवणं सोपं हुतं. तिथं छप्पर न्हवतं. आता एका छपराखाली बसवायचीत."

चावडीवर बोर्डाचा कागद त्यांनीच वाचून दाखवला. कागदात एवढंच होतं की मुले दाटीने बसवू नयेत. मास्तरांनी तो सरकारी आवाजात असा वाचला की त्यात दोन हातांचं अंतर आलं, चौकोन आले, घरचं पाणी आलं, आणि पडवीत कुणी बसू नये हेही आलं, कारण म्हणे पडवीखालची बिळं अजून कच्ची. पाटील म्हणाले, "म्हंजी समदी आत?" मास्तर म्हणाले, "आवं पाटील, दोन हातांवर. तुमचा नातू आन् माझी मेंढरं, कोन कुनाला शिवत न्हाई." लोक हसले. पाटीलही हसले. झालं.

पहिल्या दिवशी मी दारात उभा होतो. शेणानं सारवलेली जमीन, त्यावर पांढरे चौकोन. पारू उंबऱ्याशी थांबली. ती चार वर्षं त्या शाळेत होती आणि उंबरा तिनं ओलांडलेला नव्हता. मास्तरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कातता कातता म्हणाले, "दुसरी रांग, तिसरा. बस लवकर, पाढा खोळंबलाय." ती गेली, बसली, आणि पहिल्यांदा तिनं अख्खा फळा बघितला. तोंड उघडं टाकून बघत होती. मला राहवलं नाही.

राहवलं नाही म्हणजे काय, तर मी घरी गेलो आणि पत्रक लिहिलं. चाळीसएक प्रती हातानं काढल्या. 'शाळेतली अस्पृश्यता गाडली! गणपत मास्तरांनी सनातन्यांच्या डोळ्यांत चुना फेकला!' असं वर मोठ्या अक्षरांत. चौकोनांची युक्ती कशी, कागद कसा वाचला, पाटील कसे फसले, सगळं सविस्तर. एक प्रत वेशीवर चिकटवली, एक चावडीवर, एक खुद्द शाळेच्या दारावर. बाकीच्या आजूबाजूच्या गावांना. माझ्या भाषेवर मी खूश होतो. मास्तरांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. चांगल्या कामाचं पत्रक काढायला परवानगी कशाला लागते, असं माझं तेव्हाचं मत.

दुसऱ्या दिवशी पाटील पत्रक हातात घेऊन शाळेत आले. "मास्तर, साथीची आखणी म्हनत हुता न्हवं तुमी? आमाला येड्यात काढलं व्हय?" मास्तरांनी तुटलेलं सूत जोडलं. पाटलांनी नातवाचा दंड धरला आणि चालते झाले. दुपारपर्यंत शाळेत सात पोरं उरली. चौथ्या दिवशी रामाच्या घराची वाट बंद झाली, त्याला गावात काम मिळेना. रामा स्वतः येऊन मास्तरांना म्हणाला, "आवं मास्तर, पोरीला पडवीतच बसू द्या. आमाला गावात ऱ्हायाचं हाय." महिन्याभरात मास्तरांची बदली झाली, थेट दुसऱ्या टोकाला, पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. नवे मास्तर आले. जमीन पुन्हा सारवली गेली. पारू पडवीतसुद्धा आली नाही. तिनं शाळा सोडली ती सोडलीच.

मी मास्तरांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. वाटभर मीच बोलत होतो. बोर्डाविरुद्ध सभा घेऊ, मोर्चा नेऊ, दुसरं पत्रक काढू. ते ऐकत होते. मोटार आली तेव्हा म्हणाले, "गड्या, कागद लय चांगला लिवलास. फकस्त एक वरीस उशिरा चिकटवायचास." मी म्हणालो, "पण सत्य लपवायचं कशाला?" तर म्हणाले, "लपवत कोन हुतं? वरीसभर बसली आसती तर पोरांना सवय लागली आसती. मग पाटलानं उठवलं आसतं तरी उठली नसती..." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. त्यानंतर मी त्यांना भेटलो नाही. कामं होती म्हणतो मी. कामं होतीच. पण कऱ्हाडपर्यंत चारदा जाऊन आलो आणि पुढची मोटार धरली नाही, हेही खरं.

परवा गावी गेलो. काकू, म्हणजे मास्तरांच्या मालकीणबाई, दारात बसल्या होत्या. मला वाटलं, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "त्यांची ट्रंक तिकडंच शाळंत हाय रं. आनशील का?" नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? पाटणपर्यंत मोटारीनं आणि पुढं चढण चालत गेलो. शाळा म्हणजे एक लांबट खोली, गवती छपराची. शाळा भरलेली होती. नवा मास्तर पोरगेलासा, आधी त्यांच्याच हाताखाली असलेला, मला बघून उठला. मी उंबऱ्यात थांबलो. जमिनीवर पांढरे चौकोन होते.

सरळ रांगेत नव्हते. कुठं दोन जवळ, कुठं मधे मोठी जागा सोडलेली. एकेका चौकोनात एकेक पोर. मी पुढच्या पोरीला विचारलं, "हे कशाला गं?" ती म्हणाली, "पावसात गळतंय. मास्तरांनी पावसाळाभर बघून बघून आखलं. चौकोनात गळत न्हाई." आता पावसाळा सरून दोन महिने झाले होते. मी म्हटलं, "आता कुठं गळतंय?" तिनं माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं. "मंग? ही माझी जागा हाय." पडवी होती. पडवीत लाकडं रचलेली होती, माणूस एकही नव्हतं. कोण कुठल्या घरचं, हे मला नुसतं बघून ओळखता आलं नाही. विचारावंसं वाटलं... विचारलं नाही. नव्या मास्तरानं मला कोपऱ्यात नेलं आणि हळूच म्हणाला, "तुम्ही लिहिता, असं ते सांगायचे." एवढंच. पुढं त्यानं एकदा पोरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

ट्रंकेत दोन धोतरं होती, एक घोंगडं, चाती, आणि गाठी मारलेली ती दोरी, चुन्यानं पांढरी झालेली. घोंगडं, धोतरं आणि चाती काकूंना दिली. दोरी मी तिथंच नव्या मास्तराच्या हातात ठेवून आलो. पुढच्या पावसाआधी छप्पर शाकारतील, मग गळती दुसरीकडं सरकेल, त्याला पुन्हा आखावं लागेल.

त्या वाडीचं नाव मी लिहिणार नाही. वाचकांपैकी कुणी शोधायला निघालाच, तर सांगतो, पाटणच्या वरच्या अंगाला वाड्या पुष्कळ आहेत, आणि पावसात गळत नाही अशी शाळा तिकडं एकही नाही.