डबाभर अनारसे

शाळेतून निवृत्त झाले आणि यवतमाळच्या बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली. नशेत सापडलेल्या पोरांसाठी शनिवारची वेगळी बैठक घ्या, असा धोशा मीच लावला होता. पोरं, त्यांचे आईबाप, मंडळाच्या न्यायाधीश मॅडम आणि मी, सगळे गोल बसायचो. आधी नर्सताई लघवी तपासायच्या. एक नियमही माझाच: जो चुकला त्याने उभं राहून चूक मोठ्याने सांगायची. मग सगळे टाळ्या वाजवायचे आणि मी म्हणायचे, "पुढच्या शनिवारी परत ये." तीसेक वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला नियम करायची खोडच असते.

वणीचा एक सतरा वर्षांचा पोरगा ट्रकवाल्यांच्या नादाने गांजा ओढायला लागला होता. सात महिने झाले, त्याने हात लावला नव्हता. दिवाळीनंतरच्या शनिवारी त्याची शेवटची तपासणी होती. ती नीट पार पडली की प्रकरण बंद, आणि सोमवारी तो पुसदला मामाच्या गॅरेजात कामाला जाणार, त्या ट्रकवाल्यांपासून लांब.

तपासणीत अफू निघाली.

माझं डोकंच फिरलं. "गांजा सोडून अफू धरलीस? लाज नाही वाटत?" सगळ्यांसमोर मी त्याची खरडपट्टी काढली.

"खरं सांगून राह्यलो म्याडम, म्या काहीच नाही घेतलं जी." तो रडकुंडीला आला. मी ऐकेचना.

नर्सताईंनी शांतपणे विचारलं, "काल काय खाल्लंस रे?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्या म्याडमनं घरी आणून देल्ले, ते अनारसे. पुरा डबा."

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलंच बी, हे मी वर्गात कितीदा शिकवलेलं! आणि अनारशाला खसखस लावताना माझा हात भलताच सैल. सकाळी चहाबरोबर मीही सहा हाणले होते. "माझीही तपासणी करा," म्हटलं. केली. मीही अफूबाज निघाले! त्याच्या आईने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. न्यायाधीश मॅडमनी हसत हसतच प्रकरण बंद केल्याच्या कागदावर सही केली.

पोरगा मात्र हसत नव्हता. सात महिने मी त्याला सांगत होते, खरं बोल, आम्ही विश्वास ठेवू. तो खरं बोलला आणि मी विश्वास ठेवला नाही. मला मनापासून लाज वाटली. मी उभी राहिले. "मी चुकले. तू खरं बोलत होतास, मी ऐकलं नाही."

पहिली टाळी त्यानेच वाजवली. मग डोळे पुसत म्हणाला, "काही हरकत नाही, म्याडम. पुढच्या शनिवारी परत या."