तळ्यातलं घर

करमाडच्या बाजूला फकिरा नावाचा एक विटा पाडणारा होता. शहर वाढायला लागलं तसा त्याचा हात कधी थांबलाच नाही. शहरात, मुकुंदवाडीत, त्याच्या विटांनी उठलेल्या एखाद्या चार मजली इमारतीखालून जाताना तो बायकोला, सरूबाईला, कोपरानं ढोसायचा. "ही आपली!"

"आपली म्हणं! मग जाऊन बस की आत," सरूबाई म्हणायची. कारण दोघं स्वतः राहायची पत्र्याच्या खोलीत, आणि तो पत्रा असा तापायचा, की दुपारी मांजरसुद्धा आत थांबत नसे.

आता विटेच्या धंद्याची गंमत अशी, की कच्ची वीट वाळायला कोरडं आभाळ लागतं. टँकरच्या त्या सालांत सगळं गाव ढगाकडं डोळे लावून बसलेलं, अन् फकिरा मनातल्या मनात म्हणायचा, अजून जरा दम धर बाबा. पावसासाठी धोंडी निघायची, लिंबाचा पाला अंगाला बांधलेलं पोर दारोदार यायचं, लोक त्याच्यावर तांब्या ओतायचे. फकिरानं तांब्या उचलला, की शेजारचा कारभारी ओरडायचा, "नाना, तुमी नका! तुमच्या हातचं पाणी बघून येणारा पाऊस जालन्याला पळंल!" सगळे हसायचे. फकिराही हसायचा, पण त्या दिवशी त्याला घास गोड लागत नसे.

असाच एक लई कोरडा उन्हाळा. गावचा पाझर तलाव तळापर्यंत भेगाळला होता, कारभारी त्यात बैलगाडी सोडायचा. तळाचा गाळ मात्र लोण्यासारखा, अन् फुकटचा. फकिरानं तिथंच चिखलाच्या पाण्यापुरता झिरा खांदला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी विटा पाडल्या. सरूबाई चिखल तुडवता तुडवता सांगायची, "चूल ह्या अंगाला. खिडकी उगवतीला." तळ्यात पाणी येईल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

रोहिणीच्या दिवसांत भट्टी रचून झाली. "आज अवस हाय, उद्या पेटवा," सरूबाई म्हणाली. फकिराला ते पटलं.

त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, सिल्लोडच्या बाजूनं ढग उभा राहिला. पूर्वी वळीव यायचा तो धूळ बसवून जायचा. झड लागायची श्रावणात, आठ-आठ दिवस, जमिनीत मुरत जाणारी. हा पाऊस त्यातला नव्हताच. सालाचं पाणी त्यानं सांजेपर्यंत ओतून टाकलं. दगड झालेली जमीन काही प्यायलीच नाही, सगळं पाणी धावलं तळ्याकडं. फकिरा ताडपत्री घेऊन भट्टीकडं धावला, तर सरूबाईनं कमरेला धरून मागं ओढला. दोघं बांधावरून बघत राहिली. आधी कच्च्या विटांचा खालचा थर फुगला, मग वरचा कलला, आणि दमलेली म्हैस पाण्यात बसावी तशी भट्टी बसली.

सकाळी सगळं गाव बांधावर. तळं भरलं होतं! हलगी, गुलाल, नारळ. शेती खात्याचा एक साहेबही आला होता. तो सांगत होता, "समुद्र तापलाय. तापलेली हवा जास्त वाफ धरते. इकडं तापलेल्या जमिनीवर ती उसळते आणि धरलेलं एकदम सोडून देते. महिनोन्महिने कोरडं अन् एका दुपारी पूर, हे आता वारंवार व्हायचं."

"भट्टीवर हवा उसळती तशी?" फकिरानं विचारलं.

"तशीच."

"म्हंजे आख्खा मुलूखच भट्टीवर ठेवलाय म्हणा."

साहेब हसला. फकिरा हसला नाही.

"आता तरी हसा की, नाना!" कारभाऱ्यानं त्याच्या कपाळाला गुलाल फासला.

तळ्याची ओटी भरायची, तर सवाष्णींत सरूबाई वडील. बायकांनी तिलाच पुढं केलं. खण-नारळ घेऊन ती गुडघाभर पाण्यात उतरली. पायाखालचा गाळ मऊ लागला. तिनंच तुडवलेला होता तो. तिनं ओटी सोडली, हात जोडले आणि बराच वेळ वळली नाही. बायकांना वाटलं, म्हातारी भाविक आहे.

पुढं पाऊस आला तो नावाला. तळं होळीआधीच आटलं. विटांचा मागमूस नव्हता, नुसता गाळ. कारभाऱ्यानं तो ट्रॅक्टर लावून आपल्या शेतात नेला. फकिरा दुसऱ्यांच्या विटा पाडायला लागला, अन् इमारतींखालून जाताना आता तो सरूबाईला कोपरानं ढोसत नसे.

सरूबाईचं एक नवंच झालं. कारभाऱ्याच्या त्या शेतातून जायची वेळ आली, की ती चपला काढून हातात घ्यायची.

कारभाऱ्यानं एकदा विचारलं, "का हो काकू, काटा रुतला काय?"

"नाय," ती म्हणाली. "घरात चपला घालत नाय मी."